घागर कुणी फोडली? पितळ, काडतूस आणि मोजायची जागा

आमच्या ओझरच्या घरी, विघ्नहराच्या देवळापासून चालत पाच-सात मिनिटांवर, गोठ्याच्या कोपऱ्यात एक पितळी घागर होती. स्टीलची भांडी आल्यावर ती स्वयंपाकघरातून बाहेर पडली आणि गोठ्यात उपडी राहिली. एका पावसाळ्यात तिच्या मानेजवळ उभी चीर दिसली. कुणी पाडली नव्हती, कुणी ठोकली नव्हती. आजीचं म्हणणं एकच होतं, "कुणी हात लावला न्हाई गं, पावसानंच तडकली."

मी तेव्हा हसले होते. पाऊस पडून पितळ तडकतं का? पुढे धातुशास्त्रात पीएचडीला आल्यावर कळलं की आजीचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं, फक्त कारण अर्धं होतं. हा लेख त्या उरलेल्या अर्ध्या कारणाबद्दल आहे. आणि ते समजावून सांगायला मी उदाहरण घेणार आहे ते रायफलच्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीचं. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हे उदाहरण नीट बघा. संशोधनात होणारी एक फार साधी आणि फार महाग चूक त्यात उघडी दिसते.

सुरुवातीलाच एक गोष्ट. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस तयार करणं गुन्हा आहे, मग ते जुन्या पुंगळीतून भरलेलं का असेना. काही देशांत नेमबाज आणि शिकारी वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा मापात आणून भरतात. आपण इथे बघणार आहोत ते फक्त पितळाचं काय होतं ते. दारूगोळा भरायचा कसा, हा आपला विषय नाही.

पुंगळी म्हणजे नेमकं काय

काडतुसात चार गोष्टी असतात: पुढे गोळी, आत दारू, तळाशी ठिणगी देणारी टोपी, आणि हे सगळं धरून ठेवणारी पितळी पुंगळी. पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. या प्रमाणाला धातुशास्त्रात 'काडतुसी पितळ' असंच नाव पडलंय. कारण हे पितळ खोल ओढता येतं. सपाट चकतीपासून वाटी, वाटीपासून पेला, पेल्यापासून लांब नळी असं टप्प्याटप्प्यानं ते ओढलं तरी फाटत नाही. पण प्रत्येक ओढीनंतर ते कडक होत जातं, म्हणून मधेमधे तापवून मऊ करावं लागतं. याला ॲनिलिंग म्हणतात.

हे तुम्हाला नवीन नाही. पुण्याच्या तांबट आळीतून जाताना ठोक्यांचा आवाज ऐकला असेल. तांबट भांडं ठोकतो, ते कडक होतं, मग तो ते तापवून पुन्हा मऊ करतो, पुन्हा ठोकतो. शेवटचं मठारकाम मात्र तापवल्याशिवाय सोडतो, कारण तिथे त्याला कडकपणाच हवा असतो. ठोकून कडक आणि तापवून मऊ, सगळं पितळशास्त्र या दोन वाक्यांवर उभं आहे.

घरी करून बघायचं असेल तर जाड तांब्याच्या वायरचा तुकडा घ्या, प्लास्टिक पूर्ण सोलून काढा. वायर वाकवा आणि सरळ करायचा प्रयत्न करा. जिथे वाकवली तिथे ती सरळ होत नाही, शेजारी वाकते! कारण वाकलेली जागा कडक झाली आहे. आता चिमट्यात धरून तो भाग गॅसवर लाल करा, थंड होऊ द्या, आणि पुन्हा वाकवा. वायर बोटाखाली लोण्यासारखी लागेल.

गोळी सुटते तेव्हा

बंदुकीच्या नळीच्या मागच्या टोकाला पुंगळी बसायची जागा असते, तिला चेंबर म्हणतात. चेंबर पुंगळीपेक्षा किंचित मोठं असतं, नाहीतर काडतूस आत जाणारच नाही. दारू पेटते तेव्हा आत प्रचंड दाब तयार होतो. .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम या काडतुसासाठी युरोपातल्या मानकानं ठरवलेली कमाल मर्यादा ४३०० बार आहे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चार हजार पटींहून जास्त. या दाबानं पुंगळीची पातळ भिंत फुगते, चेंबरला जाऊन चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती थोडी आत येते, म्हणून तर ती बाहेर ओढून काढता येते.

ही 'थोडी' म्हणजे किती? इथे एक छोटं गणित करू. धातू सोडल्यावर जितका मागे येतो तितकं त्याचं लवचीक परतणं, आणि ते ढोबळमानानं ताण भागिले यंग गुणांक इतकं असतं. पितळाचा यंग गुणांक सुमारे ११० गिगापास्कल. मऊ पितळ साधारण १०० मेगापास्कलला शरण जातं, चांगलं कडक झालेलं ४४० च्या आसपास.

मऊ पितळ: १०० भागिले १,१०,००० म्हणजे ०.०००९.
कडक पितळ: ४४० भागिले १,१०,००० म्हणजे ०.००४.

या पुंगळीचा तळाजवळचा व्यास सुमारे १३ मिमी आहे. म्हणजे मऊ पितळ १३ मिमीवर ०.०१२ मिमी परत येईल आणि कडक पितळ ०.०५२ मिमी. चौपटीहून जास्त फरक, आणि यंग गुणांक मात्र दोघांचा तोच! कडक केलं म्हणून पितळाचा 'स्प्रिंग' बदलत नाही, तो किती ताणेपर्यंत टिकतो ते बदलतं. परीक्षेत हा प्रश्न हमखास चुकतो, म्हणून अधोरेखित करून ठेवा.

पुन्हा मापात आणणं

वापरलेली पुंगळी चेंबरच्या मापाची होऊन बसलेली असते. ती पुन्हा वापरायची तर तिला थोडं लहान करावं लागतं. यासाठी कठीण पोलादाचा साचा असतो, त्याला डाय म्हणतात. पुंगळीला वंगण लावून प्रेसनं ती डायमध्ये दाबतात. भिंत आत दाबली जाते, मान आवळली जाते, आणि डाय आणखी खाली आणली तर खांदाही मागे ढकलला जातो. खांदा म्हणजे जाड अंगाकडून बारीक मानेकडे जाणारा उतार.

आता वरचं गणित इथे लावा. डायमधून बाहेर आलेली पुंगळी डायच्या मापाची नसते, थोडी मोठी असते, कारण ती परत फुगते. आणि दर फेरीला पितळ जास्त कडक झालेलं असल्यानं दर फेरीला ती जास्त फुगते. डाय तीच, प्रेस तोच, हात तोच, तरी पाचव्या फेरीचं माप पहिल्या फेरीसारखं येत नाही. बदललंय ते यंत्र नाही, नमुना बदललाय. प्रयोगशाळेत 'काल तर बरोबर येत होतं' असं म्हणायची वेळ येते तेव्हा यंत्रावर राग काढण्याआधी नमुन्याचा इतिहास विचारा.

मानेचा भाग सगळ्यात जास्त फुगतो आणि आवळला जातो, म्हणून तो आधी ठिसूळ होऊन उभा चिरतो. त्यावर उपाय म्हणून फक्त मान आणि खांदा तापवून मऊ करतात. तळ मात्र कधीच मऊ होऊ द्यायचा नाही, कारण दाब झेलणारा आणि टोपी धरून ठेवणारा भाग तोच. एकाच पुंगळीत एका टोकाला मऊपणा हवा आणि दुसऱ्या टोकाला कडकपणा.

पट्टा कशाला?

आता बेल्टेड मॅग्नमकडे येऊ. या पुंगळीच्या तळाजवळ एक जाडसर कडं असतं. जणू कमरेला पट्टा. इंग्लंडच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीनं १९१२ साली .३७५ मॅग्नम काढलं आणि त्यावर हा पट्टा होता. वसाहतींमधल्या मोठ्या शिकारीसाठी या काडतुसाचं नाव झालं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा तो काळ संपवला. आज आमच्या जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या शिरला तर वनखातं पिंजरा लावतं, आणि ते बरंच आहे.

पट्टा पाहिला की कुणालाही वाटतं, हा मजबुतीसाठी असणार. तसं नाही. पट्टा आहे तो काडतूस चेंबरमध्ये किती आत जाऊन थांबावं हे ठरवण्यासाठी. याला काडतुसाची बैठक म्हणू, इंग्रजीत हेडस्पेस. जुन्या काडतुसांना तळाशी बाहेर आलेली कड असायची, ती चेंबरच्या तोंडावर अडायची. पण एकावर एक रचून भरायच्या मॅगझिनमध्ये त्या कडा एकमेकींत अडकतात. कड काढली तर थांबवणार कोण? साध्या बिनकडेच्या काडतुसात ते काम खांदा करतो. पण .३७५ चा खांदा फार हलका, तिरका आहे, त्याच्यावर भरवसा ठेवण्यासारखा नाही. म्हणून पट्टा. पट्ट्याची पुढची कड तळापासून सुमारे ५.५९ मिमीवर असते, आणि ती चेंबरमधल्या पायरीवर टेकते.

पुढे अमेरिकेत १९५६ साली .४५८ विंचेस्टर मॅग्नम, १९६२ साली ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम आणि १९६३ साली .३०० विंचेस्टर मॅग्नम आलं. यांनाही पट्टा आहे. शेवटच्या दोघांचा खांदा चांगला ठळक आहे, तो एकटा बैठक देऊ शकला असता. पट्टा आला तो घराण्यातून, आणि 'मॅग्नम म्हणजे पट्टा' ही लोकांची समजूतही पक्की झाली होती.

पुंगळी तुटते कुठे

पट्ट्याच्या पुंगळीबद्दल जुनी तक्रार अशी की ती पट्ट्याच्या जरा पुढे, आडवी तुटते. तळ वेगळा, अंग वेगळं. हे रायफलच्या आत घडलं तर गरम वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. म्हणजे गोष्ट डोळ्यांवर बेतणारी आहे.

का तुटते? बैठक पट्ट्यावर आहे म्हणून कारखान्यात पट्ट्याचं माप काटेकोर सांभाळलं जातं. खांद्याकडे तितकं लक्ष नसतं. चेंबरचा खांदा पुंगळीच्या खांद्यापासून बराच पुढे असू शकतो. काडतूस उडतं तेव्हा पातळ भिंत आधी चेंबरला चिकटते, खांदा पुढे फुगून ती मोकळी जागा भरतो, आणि जाड तळ दाबानं मागे सरकतो. पुढचा भाग पुढे, तळ मागे. मधली भिंत, जिथे पातळ अंग जाड तळाला मिळतं, तीच ताणली जाते. ती जागा म्हणजे पट्ट्याच्या बरोब्बर पुढे.

एकदा ताणलं तर बिघडत नाही. पण मापात आणताना डाय थेट तळाशी टेकेपर्यंत खाली आणली तर खांदा दरवेळी पुन्हा जुन्या जागी ढकलला जातो. मग दरवेळी तीच मोकळी जागा, दरवेळी तेच ताणणं.

समजा, दर फेरीला खांदा ०.३ मिमी मागे गेला आणि पुढच्या वेळी ते सगळं अंतर पट्ट्यापुढच्या ५ मिमी पट्टीतून भरून निघालं. म्हणजे दर फेरीला ती भिंत साधारण ६ टक्के पातळ होते. पाच फेऱ्यांनंतर ०.९४ चा पाचवा घात, ०.७३. भिंतीचा चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग गेला. आता खांदा फक्त ०.०५ मिमी मागे ढकला, म्हणजे पुंगळी सहज आत जाईल इतकाच. दर फेरीला १ टक्का, पाच फेऱ्यांनंतर ०.९५. आकडे समजुतीसाठी धरलेत, पण दोन्हींतलं अंतर खरं आहे.

आणि ते ताणलेलं पितळ जातं कुठे? डायमध्ये दाबताना ते पुढे, मानेकडे सरकतं. मान लांबते. लांबलेली मान कापून मापात आणतात. टेबलावर पडलेला तो पितळाचा किस मानेचा दिसतो, पण तो मुळात पट्ट्यापुढून गेलेला माल आहे. नुकसान एका जागी होतं आणि हिशेब दुसऱ्या जागी दिसतो.

गंमत म्हणजे पट्ट्यापासून मोजलं तर यातलं काहीच दिसत नाही. पट्टा जाड, कडक, हलत नाही. तळ ते पट्टा हे अंतर पहिल्या फेरीला जेवढं, जवळपास तेवढंच पाचव्या फेरीला. माप सुंदर, पुंगळी मरणाच्या दारात. तळ ते खांदा मोजलं तर मात्र पहिल्याच फेरीत कळतं की खांदा किती पुढे गेला आणि आपण तो किती मागे ढकलतोय. म्हणून जाणकार मंडळी पट्टा असूनही त्याच्याकडे दुर्लक्ष करतात आणि पुंगळी खांद्यावर बसवतात.

त्यातही एक मेख आहे. डायचं तोंड पट्ट्याच्या वर अडतं, त्यामुळे पट्ट्याला लागून असलेली चिंचोळी पट्टी डायच्या हाती लागतच नाही. तिथे हळूहळू फुगवटा साठतो आणि एक दिवस पुंगळी चेंबरमध्ये जायची थांबते. माणूस डाय आणखी खाली आणतो, खांदा आणखी मागे जातो, आणि ज्या रोगावर इलाज चालला होता तो सोडून दुसराच रोग वाढतो.

माझी चूक

हे सगळं मी शहाणपणानं सांगतेय, पण शिकले ती मार खाऊनच. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी ओढलेल्या पितळी पेल्यांवर काम करत होते. पेल्याच्या तळाजवळ एक पायरी होती. व्हर्नियरचा जबडा तिथे छान बसायचा, म्हणून मी प्रत्येक माप पायरीपासून घेतलं. सहा आठवडे. वाचनं इतकी सुसंगत की मी आलेखावर खूश होते. आणि पेले मात्र एकामागून एक तडकत होते.

सरांनी वही चाळली, काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तू मोजतेस कुठून?"

"पायरीपासून, सर."

"का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं उत्तर होतं, सोपं पडतं म्हणून. पायरी हा पेल्याचा सगळ्यात जाड, सगळ्यात न बदलणारा भाग होता. मी न बदलणारी जागा मोजत होते आणि काही बदलत नाही म्हणून आनंद मानत होते. सहा आठवड्यांचं काम बाजूला ठेवलं. पेला उभा कापला, तळापासून तोंडापर्यंत मिलिमीटर-मिलिमीटरवर कडकपणा मोजला, भिंतीची जाडी मोजली. जिथे जाड भाग संपून पातळ सुरू होतो तिथे सगळं लिहिलेलं होतं.

आणि घागर?

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या फौजेला एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकायच्या, न उडवता. पावसाळ्याच्या ऋतूत होतं म्हणून नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग', म्हणजे ऋतूची तडक. आज जगभरच्या धातुशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द आहे आणि त्यात आपला पावसाळा आहे. आपल्या पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. काडतूस ही या भागाला परकी वस्तू कधीच नव्हती.

उत्तर नीट मांडलं गेलं १९२१ साली, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांच्या अभ्यासात. काडतुसं तबेल्यांजवळ ठेवलेली असायची. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा. दमट हवेत अमोनिया पितळातल्या कणांच्या सीमांवर हल्ला करतो. पण नुसत्या अमोनियानं पितळ तडकत नाही. त्याला आतून ओढणारा ताण लागतो. तो ताण कारखान्यातच पितळात राहून गेलेला असतो, ओढताना आणि मान गोळीवर आवळताना. बाहेरून कुणी हात लावत नाही, पण आत ओढाताण चालूच असते. याला अवशिष्ट ताण म्हणतात. उपाय साधा निघाला: पुंगळी सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायची. कडकपणा जवळजवळ तसाच राहतो, अडकलेला ताण मात्र सैल होतो.

आता गोठा आठवा. गाई-म्हशींचं मूत, पावसाळ्यातला ओलावा, आणि आवळून घडवलेली घागरीची मान. आजी म्हणाली पावसानं, आणि पाऊस त्यात होताच. पण ती घागर फुटायला सुरुवात झाली होती ती घडवली त्या दिवशी.

तुमच्यासाठी

संशोधनाला सुरुवात करताना तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहा.

पहिला: माझ्या नमुन्यावर माझ्या हातात येण्याआधी काय काय झालंय? पितळ असो, मातीचा नमुना असो, की सर्वेक्षणात उत्तर देणारा माणूस, कोरं कुणीच नसतं.

दुसरा: मी कुठून मोजतोय, आणि ती जागा का निवडली? 'सगळे तिथूनच मोजतात' आणि 'सोपं पडतं' ही दोन उत्तरं आली तर थांबा. पट्टा तिथे आहे म्हणून तो मोजायची जागा ठरत नाही. जिथे भार येतो ती मोजायची जागा.

तिसरा: माझी वाचनं फारच सुंदर येत असतील तर मी न बदलणारी गोष्ट तर मोजत नाही ना?

ती घागर मी आता पुण्याला आणली आहे. टेबलाखाली असते. काही दिवसांपूर्वी एका ज्युनियरनं विचारलं, "ही फुटकी कशाला ठेवली?" मी म्हटलं, मापं घेऊन बघ. त्यानं व्हर्नियर उचलला आणि पहिल्यांदा लावला तो घागरीच्या बुडाला, जिथे ती सगळ्यात जाड आहे.